अठरा सेकंदांचा घोळ: जीपीएसची वेळ संगणकापर्यंत कशी आली

उपग्रहांवर अणुघड्याळं आहेत, म्हणजे रिसीव्हर जोडला की संगणकाचं घड्याळ अचूक झालं, असा समज अजून टिकून आहे. तो पुरता खरा नाही, आणि त्याचं मूळ 'जीपीएस टाइम' या शब्दात आहे.

जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० च्या मध्यरात्री सुरू झाली. त्या क्षणी ती यूटीसीशी, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेशी, जुळलेली होती. यूटीसीत १९७२ पासून अधूनमधून लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखणारा एक जादा सेकंद, घातला जातो. जीपीएसमध्ये तो घालायचा नाही असं ठरलं. या निर्णयावर आजही टीका होते, पण तो योग्यच होता. अंतर मोजणाऱ्या यंत्रणेच्या घड्याळाने मध्येच उडी मारून चालत नाही. दोन वेळांमधला फरक १९९९ मध्ये १३ सेकंद होता, २०१७ पासून तो १८ आहे.

हा फरक उपग्रह स्वतःच कळवतो, पण सावकाश. संदेशाचा वेग सेकंदाला ५० बिट्स. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात आणि फरकाचा आकडा त्यात एकदाच येतो. तोवर कित्येक रिसीव्हर फर्मवेअरमधला, म्हणजे आत आधीच भरलेल्या प्रोग्रॅममधला, जुना आकडा वापरतात. १६ चा आकडा असलेला रिसीव्हर आज चालू केला, तर आधी दोन सेकंद पुढची वेळ दाखवतो आणि काही मिनिटांनी अचानक मागे येतो. संगणकाने मधल्या काळात ती वेळ उचलली असेल, तर लॉगमधल्या नोंदींचा क्रम बिघडतो. दोष मात्र बिचाऱ्या अँटेनाला दिला जातो.

दुसरी अडचण तारेतली. रिसीव्हर संगणकाला वेळ मजकुराच्या ओळीत पाठवतो; हे एनएमईए वाक्य सुमारे ७० अक्षरांचं असतं. ४८०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ४८०० बिट्सच्या वेगाने, ते पोहोचायला जवळपास १५० मिलिसेकंद जातात, शिवाय ते निघण्याची वेळही दर सेकंदाला थोडी बदलते. म्हणून पीपीएस हवा: सेकंदाच्या ठोक्याला येणारा विजेचा पल्स. वाक्य सांगतं कुठला सेकंद, पल्स सांगतो नेमका केव्हा. संगणकाच्या सीरियल पोर्टमधल्या डीसीडी नावाच्या पिनवर तो दिला की अचूकता मायक्रोसेकंदांत येते. यूएसबीवरून तसं होत नाही.

मे २००० मध्ये नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली गेली. संगणकाच्या घड्याळापुरता तो बदल काही शे नॅनोसेकंदांचा. त्याचा गाजावाजा नकाशांसाठी ठीक होता. आपल्याला खरी अडचण आली ती उपग्रह तारीख कळवायला वापरतो त्या आठवड्यांच्या १० बिटी मोजणीमुळे. १०२४ आठवडे भरले की मोजणी शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये ती आली. दुसऱ्या वेळी जुन्या रिसीव्हरांचा पल्स बिनचूक होता, तारीख मात्र जवळपास वीस वर्षं मागे गेली.

२०२२ मध्ये लीप सेकंदाची सध्याची पद्धत २०३५ पर्यंत बदलायची असं ठरलं. नव्या उपग्रह-संदेशात आठवड्यांना १३ बिट्स दिलेत. जुनाच संदेश वाचणाऱ्या रिसीव्हरांची मोजणी नोव्हेंबर २०३८ मध्ये पुन्हा शून्यावर येईल.