एक चित्र, अनेक आउटपुट : एक्स्टेन्शन आणि ‘रुंदी’च्या गोंधळाची पार्श्वभूमी

एकाच मूळ मजकुरातून छापील पुस्तकाची पीडीएफ, संकेतस्थळाची पाने, ईपब (ई-पुस्तक) आणि वर्डची फाइल काढायची असेल, तर मजकूर सहसा त्रास देत नाही. त्रास देतात चित्रे. मजकूर मूळ फाइलमध्येच असतो. चित्र बाहेर असते आणि मूळ फाइलमध्ये असतो तो फक्त त्याचा पत्ता. त्या पत्त्यावरून प्रत्येक आउटपुटला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : कोणती फाइल उचलायची आणि ती किती मोठी दाखवायची. पहिल्या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर १९९९च्या आसपास सापडले आणि पुढे बरेच जण ते विसरले. दुसरा अजूनही अंगावर येतो.

टेक या पानजुळणीच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीला चित्र हा प्रकारच नव्हता. त्यातून निघणारी डीव्हीआय फाइल चित्राच्या जागी ‘स्पेशल’ नावाची आज्ञा नुसती पुढे सरकवी आणि तिचा अर्थ छपाईचा ड्रायव्हर लावे. प्रत्येक ड्रायव्हरची बोली वेगळी, त्यामुळे ड्रायव्हर बदलला की चित्रे गायब. ईपीएस हा छपाईच्या चित्रांचा फॉरमॅट आल्यावर निदान मोजमाप सुटले. फाइलच्या सुरुवातीलाच बाउंडिंग बॉक्सचे चार आकडे असत. टेक ते वाचून पानावर तेवढी जागा मोकळी सोडे, आत काय काढले आहे ते बघतही नसे. १९९४ मध्ये टेकवर उभारलेल्या लेटेकच्या नव्या आवृत्तीबरोबर ग्राफिक्सची पॅकेजेस आली. सगळ्या ड्रायव्हरांसाठी ‘इन्क्लूडग्राफिक्स’ ही एकच आज्ञा झाली आणि ड्रायव्हरचे नाव फाइलच्या सुरुवातीला एकदाच सांगायचे ठरले.

खरी फाटाफूट थेट पीडीएफ काढणाऱ्या पीडीएफटेकमुळे झाली. डीव्हीआयच्या वाटेने जाणाऱ्याला ईपीएस हवे. थेट पीडीएफ काढणाऱ्याला पीडीएफ, पीएनजी किंवा जेपेग हवे आणि ईपीएस अजिबात चालत नाही. दोन्ही वाटांवर सरसकट चालणारा फॉरमॅट नव्हता. तेव्हाची तोड साधी होती. फोल्डरमध्ये ‘नकाशा’ नावाची ईपीएस आणि त्याच नावाची पीडीएफ शेजारीशेजारी ठेवायची आणि आज्ञेत एक्स्टेन्शन (नावामागचे .eps, .pdf असे शेपूट) न लिहिता फक्त ‘नकाशा’ लिहायचे. ज्याला जी पचेल ती तो उचलतो. पुढे ईपीएसचे पीडीएफ आपोआप करून घेणारे पॅकेज आले आणि ‘टेक लाइव्ह’ या टेकच्या संचाच्या २०१०च्या आवृत्तीपासून ते रूपांतर काही न सांगताही होऊ लागले, तशी दोन फायली ठेवायची सवय सुटत गेली.

टेक्सइन्फो या सॉफ्टवेअरच्या पुस्तिका लिहिण्याच्या पद्धतीने हाच विचार नियम म्हणून घातला. तिथे चित्राच्या आज्ञेत नावाला एक्स्टेन्शन लावायचेच नाही. छपाईसाठी ईपीएस किंवा पीडीएफ, वेबपानासाठी पीएनजी किंवा जेपेग आणि टर्मिनलवर वाचायच्या इन्फो फाइलसाठी चक्क साध्या अक्षरांनी रेखाटलेली टेक्स्ट फाइल. जिथे चित्र दिसूच शकत नाही त्या आउटपुटसाठीही चित्राची जागा राखणारी ही एक विचारी रचना होती, आणि तिची नोंद फार कमी ठिकाणी घेतली जाते.

तांत्रिक पुस्तकांसाठीच्या डॉकबुक या टॅगभाषेचा मार्ग वेगळा. ती एसजीएमएल या जुन्या टॅगपद्धतीवर चाले त्या काळात चित्र ‘एन्टिटी’ म्हणून वर जाहीर करायचे आणि मजकुरात फक्त तिचे नाव घ्यायचे अशी शिस्त होती. थेट फाइलचा पत्ता देणेही चाले आणि व्यवहारात तेच जिंकले. १९९९च्या ३.१ आवृत्तीत ‘मीडियाऑब्जेक्ट’ आले. एकाच आकृतीच्या पोटात अनेक पर्याय लिहायचे : एक एसव्हीजी (रेषांचे, कितीही मोठे करता येणारे चित्र), एक पीएनजी आणि शेवटी शब्दांतले वर्णन. रूपांतर करणारा प्रोग्राम त्यांतला स्वतःला जमणारा पहिला पर्याय घेतो. किंवा प्रत्येक पर्यायावर ‘रोल’ लिहून छपाईसाठी हा, वेबसाठी तो असे बजावता येते. लिहायला लांबलचक, पण यात संदिग्धता उरत नाही.

एचटीएमएलने मात्र १९९३ मध्ये एक चित्र, एक पत्ता असा टॅग उचलला, तोही एक्स्टेन्शनसकट. एकात एक पर्याय ठेवू देणारा ‘ऑब्जेक्ट’ टॅग १९९७च्या एचटीएमएल ४ मध्ये आला, तोवर सवय पक्की झाली होती. २००४ मधले मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर लिहिण्याची पद्धत) वेबपानांसाठीच बनलेले असल्यामुळे त्याने तोच एकपत्ती साचा घेतला : चौकटी कंसात वर्णन, गोल कंसात पत्ता, मोजमाप नाहीच. पुढे पॅनडॉकसारख्या रूपांतराच्या साधनांनी त्याच मार्कडाउनमधून पुस्तके काढायला सुरुवात केली आणि जो साचा एका आउटपुटसाठी होता त्यावर दहा आउटपुटांचा भार पडला. आजच्या अडचणींपैकी निम्म्या इथून येतात.

एक्स्टेन्शन लिहावे की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनात नावापुढे टिंब आणि तारा लिहिला की वेबसाठी आधी एसव्हीजी, मग पीएनजी शोधली जाते. लेटेकसाठी आधी पीडीएफ, मग पीएनजी. पॅनडॉकमध्ये एक्स्टेन्शन न लिहिता प्रत्येक आउटपुटच्या वेळी ‘डीफॉल्ट-इमेज-एक्स्टेन्शन’ हा पर्याय देता येतो. मूळ मजकुराने आकृतीचे नाव घ्यावे, फाइलचे नव्हे. ही बाजू सरस आहे. विरोधी बाजूचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत. एक, एडिटरच्या प्रिव्ह्यूमध्ये अशी चित्रे दिसत नाहीत आणि दुवे तपासणारी साधने त्यांना तुटके समजतात. दोन, चुकीची फाइल गुपचूप उचलली जाते. पीडीएफटेकच्या शोधक्रमात पूर्वी पीएनजी आधी होती, नंतर पीडीएफ आधी झाली. एकाच नावाच्या दोन्ही फायली असतील तर तोच मजकूर दोन यंत्रांवर वेगवेगळी चित्रे देतो. आकृती दुरुस्त केली पण शेजारची जुनी पीएनजी तशीच राहिली, तर वेबवर नवी आकृती आणि पुस्तकात जुनी. इलाज असा की शोधक्रम दस्तऐवजातच ‘डिक्लेअर’ करायचा, एकच मूळ एसव्हीजी हाताने सांभाळायची आणि बाकी सगळ्या फायली मेकफाइलने (फायली आपोआप बनवण्याच्या आज्ञांच्या यादीने) दर वेळी नव्याने बनवून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायच्या.

आता रुंदी. हा शब्द जेवढा साधा दिसतो तेवढाच फसवा आहे, कारण वेगवेगळ्या साधनांनी त्याला वेगळे अर्थ दिले आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांनी ते एकमेकांवर बसवण्याचा प्रयत्न केला.

एचटीएमएलमध्ये ‘विड्थ’ म्हणजे चित्र ताणून किंवा आकसून जेवढे करायचे ते माप. डॉकबुकमध्ये ‘विड्थ’ म्हणजे चित्रासाठी राखलेल्या चौकटीचे माप. चित्राचे स्वतःचे माप ‘कंटेंटविड्थ’मध्ये लिहायचे. शिवाय टक्क्यांचा आधारही वेगळा. ‘विड्थ’मधले ५० टक्के म्हणजे उपलब्ध जागेचे निम्मे, ‘कंटेंटविड्थ’मधले ५० टक्के म्हणजे चित्राच्या मूळ आकाराचे निम्मे. त्यामुळे पानभर चित्र हवे म्हणून ‘कंटेंटविड्थ’ला १०० टक्के लिहिणारा फसतो. त्याने सांगितलेले असते, ‘चित्र आहे तेवढेच ठेव’, आणि १२०० पिक्सेलची पीएनजी ७२ डीपीआयने (इंचाला ७२ पिक्सेल) मोजली गेली तर ती १६.६७ इंच होते. ए४ कागद ८.२७ इंच रुंद. उरलेले चित्र उजव्या कडेबाहेर. उलट ‘विड्थ’ १०० टक्के करून ‘स्केलफिट’ चालू केले की मोठी चित्रे नीट बसतात, पण ६४ पिक्सेलचे छोटे बटणही पानभर फुगते. डॉकबुकच्या एक्सएसएल स्टाइलशीटना (रूपांतराच्या नियमांच्या फायलींना) वेबपानात चौकटीचा अर्थ टिकवण्यासाठी चित्राभोवती टेबल गुंडाळावे लागले. मापे सरसकट दुर्लक्षित करण्याचा पर्यायही त्यांत आहे, आणि वेब आउटपुटसाठी तो अनेकदा सोयीचाच पडतो.

खरे तर बहुतेकांना हवा असतो तो तिसराच अर्थ : चित्र मूळ आकारात असावे, पण जागेपेक्षा मोठे असेल तरच आकसावे. ही कमाल मर्यादेची कल्पना छापील पानांसाठीच्या एक्सएसएल-एफओ या भाषेच्या २००६ मधल्या १.१ आवृत्तीत वेगळे मूल्य म्हणून आली, वेबपानांच्या सीएसएसमध्ये ती ‘मॅक्स-विड्थ’ने साधते, लेटेकमध्ये त्यासाठी जादा पॅकेज किंवा टेम्प्लेटमधली तरतूद लागते. मूळ मजकुरात ती एकाच शब्दात लिहिता येईल आणि सगळीकडे पाळली जाईल अशी सोय मात्र नाही.

ॲस्कीडॉक या मार्कडाउनसारख्या पद्धतीने गोंधळ मान्य करून टाकला. तिथे एका चित्राला तीन रुंद्या देता येतात : पिक्सेलमधली ‘विड्थ’, छपाईसाठी ‘स्केल्डविड्थ’ आणि पीडीएफपुरती ‘पीडीएफविड्थ’. पीडीएफ काढताना शेवटची असेल तर ती, नसेल तर दुसरी, तीही नसेल तर पहिली. दिसायला ओबडधोबड, तरी प्रामाणिक. स्फिंक्स वापरते त्या रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या पद्धतीत ‘स्केल’ आणि ‘विड्थ’ अशी जोडी आहे. ‘स्केल’ मूळ आकारावर चालते, आणि मूळ आकार वाचणारी इमेज लायब्ररी यंत्रावर नसेल तर वेब आउटपुटमध्ये तिचा परिणाम दिसत नाही. मार्कडाउनमध्ये चित्राला माप लिहायची सोय पॅनडॉकने २०१६च्या १.१६ आवृत्तीत दिली. ५० टक्के लिहिले तर लेटेकमध्ये ओळीच्या रुंदीचे निम्मे, एचटीएमएलमध्ये बाहेरच्या घटकाच्या निम्मे. वर्डच्या फाइलमध्ये टक्के टिकतच नाहीत. तिथे माप ईएमयू या एककात नोंदवतात, एका इंचाचे ९,१४,४०० ईएमयू. म्हणून टक्क्यांचा हिशेब रूपांतराच्या क्षणी संदर्भ फाइलच्या पानावरून होतो. नंतर कोणी वर्डमध्ये समास बदलले तर चित्र हलत नाही, आणि मग दोष मूळ मजकुराला दिला जातो.

या सगळ्याच्या तळाशी डीपीआय आहे. पीएनजीमध्ये रिझोल्युशनची नोंद दर मीटरला किती पिक्सेल अशी असते : ३०० डीपीआय म्हणजे ११,८११, ९६ डीपीआय म्हणजे सुमारे ३,७८०. ही नोंद नसेल तर पीडीएफटेक ७२ धरते, पॅनडॉक पिक्सेलमध्ये लिहिलेले माप इंचात नेताना ९६ धरते आणि ब्राउझर नोंद असली तरी साधारणपणे बघत नाही. म्हणून तेच १२०० पिक्सेलचे स्क्रीनचित्र कुठे १६.६७ इंच, कुठे १२.५ इंच आणि ३००ची नोंद असेल तर ४ इंच. सर्वांत कमी धोक्याचा मार्ग म्हणजे मूळ मजकुरात माप मजकुराच्या रुंदीच्या टक्क्यांत लिहायचे आणि पिक्सेल पुरेसे आहेत का ते वेगळे तपासायचे : ६ इंच रुंद छापायचे तर ३०० डीपीआयला १८०० पिक्सेल लागतात. रेषाचित्राला जेपेग वापरू नये. देवनागरीत तर शिरोरेषेभोवती मळकट ठिपके लगेच दिसतात.

चित्राखालच्या ओळीचा प्रश्नही याच घराण्यातला. पॅनडॉकमध्ये परिच्छेदात एकटेच चित्र असेल तर चौकटी कंसातले वर्णन कॅप्शन बनते. वर्षानुवर्षे प्रोग्रामच्या पोटात अशा आकृतीची वेगळी नोंद नव्हती. चित्राच्या शीर्षकाआधी ‘फिग’ आणि अपूर्णविराम चिकटवून ती ओळखली जाई. २०२३च्या ३.० आवृत्तीत आकृती हा स्वतंत्र घटक झाला आणि त्या खुणेवर विसंबलेले जुने फिल्टर बंद पडले. अंधांसाठीचा पर्यायी मजकूर आणि सगळ्यांसाठीचे कॅप्शन ही दोन वेगळी कामे आहेत. एकच वाक्य दोन्हीकडे गेले की स्क्रीनरीडरला तीच ओळ दोनदा वाचावी लागण्याचा धोका असतो.

रूपांतराची साधनेही स्थिर राहिली नाहीत. २०१८ मध्ये ईपीएस-पीडीएफ वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्टमधल्या सुरक्षात्रुटींमुळे काही लिनक्स वितरणांनी इमेजमॅजिक या चित्ररूपांतराच्या साधनात ईपीएस आणि पीडीएफ वाचणेच बंद केले. चालू मेकफायली ‘परवानगी नाही’ म्हणून थांबल्या. २०२० मध्ये एसव्हीजी काढण्याचे साधन इंकस्केप १.० आले तेव्हा कमांडलाइनवरचे निर्यातीचे पर्याय बदलले. ईपब आणि वर्ड मागे होते तेही पुढे सरकले : एसव्हीजी दोन्हींत चालते, पण जुन्या वर्डसाठी सोबत पीएनजी ठेवावीच लागते. ईपबमध्ये प्रत्येक चित्राची मॅनिफेस्टमध्ये (आतल्या फायलींच्या यादीत) नोंद हवी आणि चित्र पाकिटाच्या आतच हवे. इंटरनेटवरचा पत्ता तिथे चालत नाही.

मराठी मजकुरात एक जादा पायरी आहे. एसव्हीजीतली अक्षरे ही अक्षरेच असतात, फॉन्ट सहसा आत नसतो. रूपांतर सर्व्हरवर होत असेल आणि तिथे देवनागरी फॉन्ट नसेल तर चौकोन उमटतात. दुसराच फॉन्ट लागला तर शब्दाची रुंदी बदलते आणि नाव चौकटीबाहेर जाते. अक्षरजुळणी न करणारे रूपांतरक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे टाकतात आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी करतात. जुन्या आठ-बिटी मराठी फॉन्टांत केलेल्या आकृत्यांत तर आतला मजकूर रोमन चिन्हांचाच असतो, फॉन्ट गेला की निरर्थक अक्षरे दिसतात. अक्षरांचे पाथ (नुसत्या रेषा) करून टाकले की दिसणे सर्वत्र सारखे राहते, शोधणे आणि कॉपी करणे मात्र जाते. म्हणून पाथ केलेली प्रत निर्यातीसाठी आणि अक्षरे शाबूत असलेली मूळ प्रत दुरुस्तीसाठी, अशा दोन ठेवाव्यात. इंकस्केपमधून आकृतीतला मजकूर वेगळा काढून लेटेककडून जुळवून घेण्याची सोय झीलेटेकसोबत (युनिकोड वाचणाऱ्या लेटेकसोबत) सुंदर दिसते, पण वेबसाठी निरुपयोगी. तो मजकूर फक्त त्या एका आउटपुटमध्येच उमटतो.

फाइलनावांतही एक अक्षर सापळा आहे : ‘ऱ’. युनिकोडमध्ये ते एक अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि र अधिक नुक्ता म्हणूनही. मॅकची जुनी फाइलप्रणाली नाव साठवताना त्याची दोन चिन्हांत फोड करी. त्यामुळे ‘किनाऱ्याचा-नकाशा’ हे नाव मूळ मजकुरात आणि फोल्डरमध्ये डोळ्यांना एकच दिसे, पण लिनक्सवर नेल्यावर चित्र सापडत नसे. फाइलनावे साध्या रोमन लहान लिपीत, जागा न सोडता, मधल्या टिंबांशिवाय ठेवावीत. मराठी नाव कॅप्शनमध्ये लिहावे.