हिरव्या पाण्यावर आणखी मासे हा उपाय नव्हे

‘बागेतल्या तळ्याचे पाणी हिरवे झाले की आणखी मासे सोडावेत, ते शेवाळ खाऊन टाकतात,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. काही मासे दगडांवरचे शेवाळ कुरतडताना दिसतात, त्यामुळे हा समज स्वाभाविकच आहे. मात्र पाणी हिरवे करणारे शेवाळ सूक्ष्म, तरंगते असते आणि गोल्डफिशला ते गाळून खाता येत नाही. उलट माशांच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट बनवतात व तेच शेवाळाचे खत ठरते. हिरवा रंग तरंगत्या शेवाळाचाच आहे का हे पडताळण्यासाठी काचेच्या पेल्यात तळ्याचे पाणी भरून तासभर ठेवावे: जाड गाळ तळाशी बसतो, हिरवा रंग तसाच राहतो. कमळासारख्या वनस्पती हेच खत शोषतात, शिवाय पानांची सावली धरतात. मासे न वाढवता खाद्य कमी करावे आणि काही आठवड्यांनी पेला पुन्हा भरून पाहावा.