हृदयातलं छिद्र बंद करणारं कॅथेटर डिव्हाइस – डिझाइन

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनच भोक असणं म्हणजे एएसडी. डाव्या कप्प्यातलं रक्त त्यातून उजवीकडे जातं, उजवी बाजू फुगते आणि फुप्फुसांवर भार पडतो. पूर्वी छाती उघडून ते शिवावं लागायचं, आता पुष्कळ पेशंटमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) वर नेऊन एक घडी घातलेली जाळी आत सोडतात आणि ती तिथे उघडून भोक झाकते. मात्र हे पडद्याच्या मधोमध असलेल्या, म्हणजे सेकंडम प्रकारच्या भोकालाच लागू पडतं, प्रायमममध्ये, म्हणजे भोक पडद्याच्या खालच्या टोकाला असतं तेव्हा, डिव्हाइसला धरायला पुरेशी कड नसते आणि झडपा अगदी शेजारी असतात.

पहिला प्रयत्न टेरी किंग आणि नोएल मिल्स यांचा, 1975 सालचा. दोन छत्र्या एकमेकींना अडकवायची कल्पना होती, ती चाललीही, पण नळी 23 फ्रेंच, म्हणजे साडेसात मिलिमीटरहून जाड (3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी), लहान मुलाच्या शिरेत ती कशी जाणार? पुढे क्लॅमशेल नावाचं डिव्हाइस आलं, त्याची नळी बरीच बारीक, पण काही पेशंटमध्ये त्याचे धातूचे हात मोडलेले दिसले. हृदय वर्षाला जवळपास 4 कोटी वेळा धडधडतं आणि प्रत्येक ठोक्याला ती तार थोडी वाकते, त्यामुळे आज लॅबमध्ये कोट्यवधी वेळा वाकवून बघितल्याशिवाय डिझाइन पुढे जात नाही, आणि जायलाच नको.

खरा बदल केला निटिनॉलने. हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, साधारण 500 अंश सेल्सिअसला साच्यात तापवला की तो आकार लक्षात ठेवतो, मग ओढून नळीत भरला तरी बाहेर आल्यावर परत तसाच उघडतो. कर्ट अॅम्प्लाट्झ यांनी याच्या बारीक तारा विणून दोन चकत्या आणि मधे कंबर असं डिव्हाइस बनवलं, अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मंजुरी मिळाली. कंबर भोकात बसते म्हणून डिव्हाइस आपोआप मधोमध येतं, आणि डावी चकती मोठी ठेवलीय कारण डाव्या कप्प्यात प्रेशर जास्त असतं. आत पॉलिएस्टरचं कापड शिवलेलं असतं, त्यात रक्त गोठतं आणि काही महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर त्यावर चढतं. तोवर गुठळी होऊ नये म्हणून साधारण 6 महिने अॅस्पिरिन देतात.

माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात हुशारीचा भाग म्हणजे डिव्हाइस नळीतून पुढे ढकलणाऱ्या केबलच्या टोकाचा छोटा स्क्रू. डावी चकती उघडली, पडद्याला टेकवली, कंबर आणि उजवी चकती उघडली, इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) बघितलं आणि नीट बसलं नाही असं वाटलं तर सगळं परत नळीत ओढून घेता येतं! स्क्रू फिरवून सोडेपर्यंत डॉक्टरला चूक सुधारायची मुभा आहे, नंतर मात्र डिव्हाइस सुटून दुसरीकडे गेलं तर पकडून काढायला वेगळी खटपट, कधी ऑपरेशनच.

साइजचा प्रश्न फार नाजूक आहे. भोक गोल नसतं, कडा लवचिक असतात, त्यामुळे आत बलून हळूहळू फुगवतात आणि इकोवर रक्त जाणं जेमतेम थांबलं की तिथेच थांबून माप घेतात, त्याहून फुगवलं तर भोक ताणून माप मोठं येतं. लहान डिव्हाइस निसटतं, फार मोठं घेतलं तर चकतीची कड महाधमनीजवळच्या भिंतीवर घासत राहते आणि क्वचित ती भिंत झिजून भोक पडतं, हे जिवावर बेतू शकतं. महाधमनीकडची कड अपुरी असेल तिथे हा धोका जास्त धरतात, आणि हे कधीकधी बऱ्याच काळानंतरही होतं म्हणून नंतर इको करत राहावं लागतं.

खालच्या कप्प्यांमधल्या भोकाला, म्हणजे व्हीएसडीला, हेच डिझाइन जसंच्या तसं चालत नाही. तिथे पडदा जाड, प्रेशर खूप, आणि झडपेखालच्या भोकाच्या अगदी कडेने हृदयाचे ठोके चालवणारी विद्युत वाट जाते, चकतीचा दाब तिच्यावर आला तर हार्ट ब्लॉक (ठोक्याचा विद्युत संदेश वरून खाली न पोचणं) होऊन पेसमेकर बसवायची वेळ येते. म्हणून तिथली डिव्हाइसं कमी दाब देणारी, मऊ विणीची करायचा प्रयत्न चालू आहे.