नापा खोऱ्यातील जमीन कशी राखली गेली : पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिणेकडील सांता क्लारा खोऱ्यातल्या जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागा पाहता पाहता तुटल्या आणि त्यांच्या जागी घरांच्या वसाहती व कारखाने उभे राहिले. आज त्या प्रदेशाला जग सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखते. उपसागराच्या उत्तरेकडील, द्राक्षबागा व वाइनसाठी ओळखले जाणारे कॅलिफोर्नियातील नापा खोरे जेमतेम तीस मैल लांबीचे आणि काही मैल रुंदीचे. तिथल्या सपाट, कसदार जमिनीचेही तेच होणार, ही धास्ती १९६०च्या दशकात निराधार नव्हती.

एप्रिल १९६८ मध्ये नापा काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पर्यवेक्षक मंडळाने, अर्थात तिथल्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाने, खोऱ्याच्या तळातील जमीन ‘कृषी राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर केली. अमेरिकेतील हे अशा प्रकारचे पहिलेच क्षेत्र होते. वीस एकरांहून लहान तुकडे पाडण्यास त्यामुळे बंदी आली आणि पुढे ही मर्यादा चाळीस एकरांवर नेण्यात आली. वाइननिर्माते जॅक डेव्हिस यांच्यासारख्यांनी या निर्णयासाठी जोर लावला होता, तर विरोधकांमध्ये शेतकरीही होते. तुकडे पाडून विकण्याचा हक्क गेला की जमिनीची किंमत कोसळेल, ही त्यांची भीती समजण्याजोगी होती, कारण अनेकांची आयुष्यभराची पुंजी त्या जमिनीतच होती. प्रत्यक्षात द्राक्षबागांचे मोल पुढे कितीतरी वाढले.

तरीही या व्यवस्थेत एक कच्चा दुवा राहिला होता: मंडळाच्या मतांनी झालेला नियम मंडळाच्याच मतांनी मोडता येतो. त्यावर दोन वेगवेगळे उपाय पुढे आले. पहिला मतपेटीतून आला. १९९० मध्ये मतदारांनी ‘मेझर जे’ हा थेट मतदानासाठी ठेवलेला प्रस्ताव संमत करून शेतजमिनीचा वापर बदलण्याचा अंतिम निर्णय बहुतांशी स्वतःकडे घेतला. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २००८ मध्ये ‘मेझर पी’ या तशाच प्रस्तावाने त्याची मुदत २०५८ पर्यंत वाढवली.

दुसरा उपाय याआधीच, १९७६ मध्ये, ‘लँड ट्रस्ट ऑफ नापा काउंटी’ या ना-नफा संस्थेच्या रूपाने सुरू झाला होता. (योगायोग असा की, त्याच वर्षी पॅरिसमधील वाइनच्या चवपरीक्षेत नापाच्या वाइनने फ्रेंच वाइनवर मात केली आणि खोऱ्यावरील बाजाराचा डोळा अधिकच तीक्ष्ण झाला.) संस्थेचे मुख्य साधन म्हणजे ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’, अर्थात संवर्धनासाठीचा सुविधाधिकार. यात जमीन मालकाचीच राहते. ती कसता येते, विकता येते, मुलांना देता येते. मात्र तिचे तुकडे पाडण्याचा व तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क मालक कराराने कायमचा सोडून देतो किंवा मर्यादित करतो. हा करार जमिनीच्या अभिलेखात नोंदला जात असल्याने पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक ठरतो. हक्क दान केल्यास आयकरात सवलत मिळते, आणि वाढत्या भावांच्या काळात अनेक कुटुंबांना जमीन न विकता राखण्याचा मार्ग त्यामुळे सापडला. करार झाला म्हणजे काम संपले, असेही नाही. त्यातील अटी पाळल्या जात आहेत की नाहीत, हे संस्थेला नियमितपणे तपासावे लागते.

माझ्या मते संस्थेचे सर्वांत मोलाचे काम खोऱ्याच्या तळापेक्षा डोंगरांवर झाले आहे. तळातील शेती राखीव क्षेत्राच्या नियमांनी बऱ्याच अंशी सुरक्षित केली होती, पण ओकची वने, कुरणे आणि ओढ्यांचे उगम चढावांवर आहेत, आणि सपाट जागा संपत आल्यावर द्राक्षबागा व बंगले तिकडेच सरकू लागले. म्हणून २००६ मध्ये हॉवेल माउंटनवरील सुमारे ३,००० एकरांचे वाइल्डलेक रँच संस्थेने विकतच घेतले.