सेवेतील सहनशीलता (ख्रिस्ती धर्म)

दुसऱ्याची सेवा करताना राग, कंटाळा आणि कौतुकाची अपेक्षा आवरून काम चालू ठेवण्याच्या वृत्तीला ख्रिस्ती धर्मात सद्गुणाचे स्थान आहे. आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याने गलतीकरांस लिहिलेल्या, बायबलमधील पत्रात (५:२२) सहनशीलता ही पवित्र आत्म्याच्या फळांत गणली आहे. त्यामुळे ती स्वभावाची देणगी न मानता प्रार्थनेने मागण्याची गोष्ट मानली जाते. कॅथलिक परंपरेतील सात आध्यात्मिक दयाकृत्यांतही इतरांकडून होणारा त्रास धीराने सोसणे हे एक कृत्य आहे.

येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग (योहान १३) हा या शिकवणीचा मुख्य आधार. येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य यहूदाही त्या वेळी तिथे होता. आद्य ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याने इ. स. २००च्या सुमारास सहनशीलतेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि आरंभीच कबूल केले, की हा गुण आपल्या अंगी नाही! उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याचा याच विषयावरचा ग्रंथ २५६मधला.

मठजीवनात या गुणाचा रोजच कस लागे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीचे ३६वे प्रकरण आजाऱ्यांविषयी आहे. आजाऱ्याची सेवा ख्रिस्ताचीच समजून करावी, असे ते सांगते. पण आजाऱ्यानेही अवास्तव मागण्या करून सेवकांना जेरीस आणू नये, अशी ताकीद देते. तरीही कुणी त्रास दिलाच, तर तो सोसावा. सेवा घेणाऱ्यालाही बंधन घालणारे हे कलम फारसे उद्धृत होत नाही, हे खरे तर नवलच.

फ्रान्समधील लिझ्यूच्या मठातील संत तेरेझा (१८७३–१८९७) यांच्या आत्मचरित्रात याचे बारीक चित्र आहे. मठातल्या एका वृद्ध, आजारी भगिनीला (जोगिणीला) त्या रोज संध्याकाळी भोजनगृहात नेत. मागून तिचा कमरपट्टा धरून चालायचे. पाऊल भरभर पडले तर ‘मी पडेन’ ही तक्रार, हळू पडले तर ‘हात सोडलास’ ही. पोहोचल्यावर बसवायचे आणि बाह्याही तिच्याच पद्धतीने दुमडायच्या. तिला भाकर कापायला जड जाते हे लक्षात आल्यावर तेरेझांनी तेही काम आपल्याकडे घेतले. सोसण्याचे प्रसंग बहुधा असे किरकोळच असतात आणि म्हणूनच ते जास्त बोचतात.

अन्याय निमूट सोसणे मात्र यात येत नाही. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होऊ लागली (प्रेषितांची कृत्ये ६), तेव्हा प्रेषितांनी (येशूच्या प्रमुख शिष्यांनी) त्यांना धीर धरायला सांगितले नाही. वाटपाच्या कामासाठी मंडळीकडून सात जण निवडून घेतले.