रोगकारक जिवाणूंचे धातुग्रहण

रोगकारक जिवाणू यजमानाच्या शरीरातून लोह, जस्त, मँगॅनीज यांसारखे दुर्मिळ धातू ज्या मार्गांनी मिळवतात, त्यांना एकत्रितपणे धातुग्रहण म्हणतात. श्वसनातील प्रथिने आणि डीएनएचे घटक बनवणारी विकरे यांना धातूंची जोड लागते. ती मिळाली नाही, तर शरीरात शिरलेल्या जिवाणूची वाढ खुंटते. या झगड्यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला धातू म्हणजे लोह.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते, पण त्यातले सुटे जवळजवळ काहीच नसते. सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये असते आणि साठ्यातले फेरिटिनमध्ये. रक्तद्रवातले लोह ट्रान्सफेरिन हे प्रथिन घट्ट धरून ठेवते. अश्रू, लाळ आणि दूध यांत तेच काम लॅक्टोफेरिन करते. रक्तद्रवातील सुट्या फेरिक लोहाची संहती १०⁻²⁴ मोल प्रतिलिटर इतकी कमी मानली जाते. हिशेब केला तर एका लिटरमागे एक आयनही भरत नाही. ट्रान्सफेरिनच्या लोह धरण्याच्या जागांपैकी साधारण एक तृतीयांशच भरलेल्या असतात, त्यामुळे थोडे लोह सुटले तरी ते लगेच टिपले जाते. १९४४ मध्ये शेड आणि कॅरोलाइन या संशोधकांना कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकामुळे आमांशाच्या जिवाणूची वाढ थांबते आणि लोह घातल्यावर ती पुन्हा सुरू होते, असे आढळले. दोन वर्षांनी त्यांनी असाच घटक मानवी रक्तद्रवातही दाखवला. तोच पुढे ट्रान्सफेरिन म्हणून ओळखला गेला.

संसर्ग होताच शरीर ही टंचाई मुद्दाम वाढवते. यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त स्रवते. त्यामुळे आतड्यातून रक्तात येणारे लोह रोखले जाते, महाभक्षी (जंतू गिळणाऱ्या) पेशींतले लोह आतच अडकते आणि रक्तातली पातळी घसरते. दीर्घकाळच्या आजारात दिसणारा पंडुरोग बऱ्याच अंशी यातूनच येतो. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ युजीन वाइनबर्ग यांनी १९७० च्या दशकात या अडवणुकीला ‘पोषण-प्रतिकारशक्ती’ असे नाव दिले.

जिवाणूंचे पहिले उत्तर म्हणजे सिडेरोफोर. हे लहान रेणू पेशीबाहेर सोडले जातात, लोहाला घट्ट बांधतात आणि पेशीपटलावरील खास ग्राहक प्रथिनांमार्फत परत आत घेतले जातात. ई. कोलायचा एंटेरोबॅक्टिन हा १९७० मध्ये वेगळा केला गेला. लोहावरील त्याची पकड ट्रान्सफेरिनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट आहे. क्षयाचा जिवाणू मायकोबॅक्टिन बनवतो, तर प्लेगचा यर्सिनियाबॅक्टिन. यावर शरीराचाही प्रतिडाव आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी लिपोकॅलिन-२ नावाचे प्रथिन सोडतात आणि ते लोहासकट एंटेरोबॅक्टिनला पकडते. साल्मोनेलाने त्यातूनही वाट काढली. तो एंटेरोबॅक्टिनला ग्लुकोजचे रेणू जोडून साल्मोकेलिन तयार करतो आणि ते लिपोकॅलिनच्या खाचेत बसत नाही.

काही जिवाणू सिडेरोफोर बनवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. गोनोरिया आणि मेनिंजायटिसचे नायसेरिया जिवाणू मानवी ट्रान्सफेरिनच थेट पृष्ठभागावर पकडून त्यातले लोह काढून घेतात. ही पकड मानवी प्रथिनाला इतकी नेमकी बसते की साध्या उंदरांमध्ये या रोगांचा अभ्यास करणे अवघड जाते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस तांबड्या पेशी फोडतो, आयएसडीबी या प्रथिनाने हिमोग्लोबिन धरतो, त्यातला हीम हा लोहयुक्त भाग आत ओढतो आणि तो तोडून लोह मोकळे करतो. याच प्रथिनावर बेतलेल्या एका लसीची हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेपूर्वी चाचणी घेतली गेली. तिने गंभीर संसर्ग कमी झाले नाहीत. उलट लस घेऊनही संसर्ग झालेल्यांमध्ये मृत्यू जास्त दिसले. प्रयोगशाळेत पटणारे लक्ष्य रुग्णात तसेच वागेल असे नाही. लाइम रोगाच्या बोरेलिया जिवाणूने तर लोहाची गरजच जवळपास सोडली आहे. त्याचे काम मँगॅनीजवर चालते.

मँगॅनीज आणि जस्त यांची अडवणूक मुख्यतः कॅलप्रोटेक्टिन करते. न्यूट्रोफिलच्या पेशीरसातील प्रथिनांपैकी जवळपास निम्मे तेच असते. सूजलेल्या आतड्यात जस्ताची अशी टंचाई असताना साल्मोनेला आपल्या प्रभावी जस्तवाहकाच्या बळावर तग धरतो. तांब्याचा प्रकार उलटा आहे: महाभक्षी पेशी गिळलेल्या जिवाणूभोवती तांबे वाढवून त्याला विषबाधा करतात.

लोहाची टंचाई जिवाणूंसाठी आपण यजमानाच्या आत पोहोचल्याची खूणही ठरते. घटसर्पाचे विष लोह कमी असतानाच भरपूर बनते, हे १९३० च्या दशकातच दिसले होते. विषाचा जनुक जिवाणूभक्षी विषाणूबरोबर येतो, पण त्याला आवर घालणारे लोहसंवेदी प्रथिन मात्र जिवाणूचे स्वतःचे असते.

शरीरात लोह जास्त साठले की ही तटबंदी कमजोर होते. हिमोक्रोमॅटोसिस (शरीरात लोह साठत जाण्याचा विकार) असलेल्यांना कच्च्या कालवांतून येणाऱ्या व्हिब्रिओ व्हल्निफिकसचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. २००९ मध्ये शिकागोतील एका संशोधकाचा प्लेगच्या दुबळ्या केलेल्या वाणाने मृत्यू झाला. लोह मिळवण्याची क्षमता काढून टाकल्यामुळे तो वाण निरुपद्रवी मानला जात होता. शवविच्छेदनानंतर त्या संशोधकाला हिमोक्रोमॅटोसिस असल्याचे उघड झाले. वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांमध्ये धोका दुहेरी असतो. साठलेले लोह उतरवण्यासाठी दिले जाणारे डेफेरोक्सामाइन मुळात एका मृदाजिवाणूचा सिडेरोफोर आहे आणि यर्सिनिया जिवाणू तो स्वतःसाठी वापरू शकतात.

औषधनिर्मितीत हाच मार्ग उलटा वापरला गेला आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या सेफिडेरोकॉल या प्रतिजैविकाला सिडेरोफोरसारखा लोह पकडणारा भाग जोडलेला आहे. कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांना न जुमानणारे ग्रॅम-ऋण (दुहेरी पटल असलेल्या गटातले) जिवाणू त्याला लोह समजून स्वतःच आत घेतात. सिडेरोफोर आत घेणाऱ्या ग्राहकांत उत्परिवर्तन होऊन या औषधालाही दाद न देणारे काही वाण आढळले आहेत.