आठ उंचवट्यांचे गणित

मे महिन्यात जळगावचे ऊन दुपारी अंगणात पाय ठेवू देत नाही. सुट्टीला आलेली माझी भाची तेव्हा पंख्याखाली लेगोचे ठोकळे पसरून पारोळ्याचा भुईकोट किल्ला बांधत बसते आणि दोन वर्षांपासून मीही तिच्या शेजारी बसतो. या छंदातला खरा आनंद कुठे आहे, असे मला कोणी विचारले, तर मी ठोकळा बसताना बोटांना जाणवणाऱ्या त्या बारीकशा 'टक्'कडे बोट दाखवीन.

हा ठोकळा डेन्मार्कमधील बिलुंड या गावचा. माथ्यावरील गोल उंचवट्यांच्या खाली पोकळ नळ्या असलेल्या आजच्या रचनेच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज करण्यात आला. त्याआधीचे ठोकळे आतून नुसते पोकळ होते व सहज सुटत. नळ्या आल्यावर खालच्या ठोकळ्याचा प्रत्येक उंचवटा वरच्या ठोकळ्याच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये तीन ठिकाणी धरला जाऊ लागला. जागा उंचवट्यापेक्षा अगदी सूक्ष्म प्रमाणात अपुरी ठेवलेली असते, त्यामुळे दाबताना प्लास्टिक किंचित ताणले जाते आणि पूर्ववत होण्याच्या धडपडीत उंचवट्याला घट्ट धरून ठेवते. ठोकळा काढला की ताण संपतो आणि भिंत मूळ जागी येते. हीच स्थितिस्थापकता.

त्यासाठी प्लास्टिकही तसेच हवे. 1963 पासून हे ठोकळे एबीएस या तीन घटकांच्या प्लास्टिकचे बनू लागले. यातील ॲक्रिलोनायट्राइल ताठपणा देते, ब्युटाडाइन चिवटपणा देते आणि स्टायरीनमुळे चकाकी येते. चटया आणि पाइप यांच्या कारखान्यांमुळे प्लास्टिकचे दाणे आणि साचे जळगावकरांच्या परिचयाचे आहेत; लेगोच्या ठोकळ्यांसाठीही दाणे वितळवून मोठ्या दाबाने साच्यात भरले जातात, मात्र मापातील फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास राखावा लागतो. दोन उंचवट्यांच्या केंद्रांतील अंतर 8 मिलिमीटर असते, पण दोन उंचवट्यांच्या रुंदीचा ठोकळा 16 ऐवजी 15.8 मिलिमीटरचा असतो, म्हणजे शेजारचा ठोकळा घासल्याशिवाय आत सरकतो. हा 0.2 मिलिमीटरचा मोकळेपणा मला फार सुंदर वाटतो.

आता मोजणी. आठ उंचवट्यांचे, म्हणजे दोन गुणिले चारचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे एकमेकांवर किती प्रकारे बसतील? लांबी समांतर ठेवली तर 21 आणि काटकोनात ठेवली तर 25, असे एकूण 46 प्रकार होतात. अर्धा फेरा फिरवल्यावर सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकच धरल्या, की 24 उरतात. तीन ठोकळ्यांना 1,060 रचना मिळतात आणि सहांना 91,51,03,765. कंपनीने पूर्वी सांगितलेला आकडा सुमारे 10 कोटी 30 लाखांचा होता, कारण त्यात एकावर एक असे सहा थरांचे मनोरेच मोजलेले होते. बाकीच्या सर्व रचना कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने मोजल्या. मूठभर ठोकळ्यांपुढे बसलेल्या मुलाला कंटाळा का येत नाही, याचे उत्तर मला या आकड्यात दिसते.

किल्ल्याचा तट पहिल्या दिवशी मधोमध दुभंगला, कारण भाचीने सगळे सांधे एकाखाली एक आणले होते. विटांच्या बांधकामात गवंडी वरच्या थराची वीट खालच्या सांध्यावर आडवी टाकतो, तसे तिने दुसऱ्या दिवशी केले. बुरुजासाठी ठोकळे कमी पडले, तेव्हा माळ्यावरच्या डब्यातून माझ्या लहानपणीचे, कडा झिजलेले लाल ठोकळे काढले आणि ते तिच्या नव्या करड्या ठोकळ्यांवर त्याच आवाजासह बसले.